परिचर्या विद्यार्थिनींमधील रक्तक्षय (खानदेश)

रक्तातील हिमोग्लोबिन गरजेपेक्षा कमी होण्याला रक्तक्षय (पंडुरोग, ॲनिमिया) म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीत ते दर डेसिलिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आणि 8 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय मानला जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग हे परिचर्येचे अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुली याच वयोगटातील आहेत. शीण, जिना चढताना लागणारी धाप, छातीतील धडधड ही लक्षणे रात्रपाळीच्या दमणुकीत झाकली जातात. म्हणून रुग्णाच्या पापणीचा फिकेपणा ओळखायला शिकणाऱ्या मुलीने स्वतःचे ‘एचबी’ही (हिमोग्लोबिन) वेळोवेळी तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

पाळीतील रक्तस्राव, जंत, सकाळच्या ड्युटीसाठी बुडणारी न्याहारी आणि जेवणाला लागूनच घेतलेला चहा ही नेहमीची कारणे होत. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, तर लिंबू, आवळा व पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. केळीच्या या प्रदेशात केळ्याने रक्त वाढते असा समज असला, तरी केळ्यात लोह अत्यल्प असते. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी आणि अहळिवाचे लाडू अधिक उपयोगी ठरतात.

मात्र खानदेशात प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा समजणे धोक्याचे आहे. नंदुरबारच्या सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात. हा दोष लोहाच्या गोळ्यांनी दूर होत नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात आधीच जादा लोह साठलेले असू शकते. त्यामुळे अशा भागातून आलेल्या विद्यार्थिनींची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) करावी आणि ती सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने खात्री करावी. केवळ वाहक असणे (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले असणे) हा आजार नव्हे, हे मुलीला आणि तिच्या घरच्यांना समजावून सांगणे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे.

2018 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरींना आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांना आठवड्याला 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली एक गोळी दिली जाते. जंतनाशक अल्बेंडाझोलही त्याच कार्यक्रमाचा भाग आहे. मळमळ होते किंवा शौचाचा रंग काळा होतो म्हणून पुष्कळजणी गोळ्या सोडतात, पण काळा रंग निरुपद्रवी असून जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. रक्तक्षयावर उपचार चालू असल्यास हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.