रानडुकरांवर राखणीचा कुत्रा: पिल्लाचं पहिलं वर्ष आणि त्याची हद्द

आमच्याकडून पिल्लू नेणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हे डुकरावर कधी जाईल?" उकरलेला भुईमूग आणि दुधात आलेला, लोळून सपाट केलेला भात ज्यानं पाहिलाय, त्यानं हे विचारणं साहजिकच आहे. पण डुकराच्या अंगावर जाणारा कुत्रा तुमच्या कामाचा नाही. बांधापर्यंत धावून तिथून भुंकेल आणि शिट्टी ऐकताच मागे फिरेल, असा कुत्रा हवा. भुंकायला पिल्लाला शिकवावं लागत नाही. थांबायला आणि परतायला शिकवण्यात पहिलं वर्ष जातं.

कायद्याचं आधी सांगतो. रानडुक्कर हा संरक्षित वन्यप्राणी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही. पकडणं, फासकी लावणं, पाठलाग करणं, हाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही तिच्यात येतं. कुत्रा सोडून डुक्कर घेरलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. आम्ही डुकरावर सोडण्यासाठी कुत्रे तयार करत नाही आणि तसे मागणाऱ्याला पिल्लूही देत नाही. पिकाचं नुकसान झालं असेल तर शेत आवरायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी वनविभागाला कळवा.

कोणतं पिल्लू

कारवानी किंवा पश्मी दिसायला देखणी, पण ही नजरेवर धावणारी जात. समोर काही हललं की ती सुटते आणि मग शिट्टी तिच्या कानात शिरत नाही. दोन-चार एकराच्या राखणीला चांगल्या आईचं गावठी पिल्लू बरं. पिल्लाइतकीच आईही पाहा. ती अनोळखी माणसावर भुंकून जागेवर थांबत असेल तर उत्तम. फाटकाबाहेर धावत सुटत असेल तर पिल्लूही बहुधा तेच करणार. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. एकाच वेतातली दोन भावंडं एकदम नेऊ नका, ती एकमेकांचंच ऐकतात.

पहिले चार महिने

घरी आल्या दिवसापासून खाणं शिट्टीवर. ताटली खाली ठेवण्याआधी दोन आखूड शिट्ट्या, रोज, प्रत्येक वेळी. शिट्टी धातूची घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी तशीच वाजवा. पिल्लू धावत आलं की लगेच घास. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा घास देऊन पुन्हा मोकळं सोडा, एकदाच बांधा. दर वेळी बांधलंत तर शिट्टी म्हणजे मजा संपली हे ते आठवड्यात शिकतं आणि दहा हातांवर उभं राहून तुमच्याकडे बघत बसतं. उशिरा आलं म्हणून कधीही मारू नका. मार त्याला उशिराचा वाटत नाही, जवळ आल्याचा वाटतो.

याच काळात कोंबड्या, वासरं, शेळ्या दोरीवर धरून रोज दाखवा. कोंबडीमागे एकदा यशस्वी धावलेलं पिल्लू पुढे महिनाभर डोकेदुखी होतं.

लसी पशुवैद्यांच्या वेळापत्रकानुसार द्या: सहा ते आठ आठवड्यांना पहिली एकत्रित लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. भातखाचराजवळ राहणार असेल तर लसीत लेप्टोस्पायरोसिस या रोगावरची लसही आहे ना, हे विचारून घ्या. उंदीर आणि डुकरं यांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो.

हद्द

चार महिन्यांनंतर खरं काम सुरू होतं. दहा मीटर लांब, बोटभर जाडीची नायलॉनची दोरी घ्या. टोकाला गाठ किंवा फास ठेवू नका, धसकटात अडकते. दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा, कारण धावतं पिल्लू दोरीच्या टोकाला पोचलं की झटका थेट मानेला बसतो.

बांधावर दर दहा-पंधरा पावलांवर बांबूची काठी आणि तिला कापडाची पट्टी लावा. सकाळ-संध्याकाळ पिल्लाला घेऊन पूर्ण बांध फिरा. पिल्लू काठ्यांच्या ओळीजवळ आलं की दोन शिट्ट्या, तुम्ही आत वळायचं, ते मागे आलं की घास. बाहेर पाऊल पडलं तर ओरडू नका. दोरी धरून तिथेच उभे राहा आणि ते आत येईपर्यंत काही देऊ नका. साधारण दीड-दोन महिन्यांत ते काठी दिसताच मान वळवून तुमच्याकडे बघू लागतं. तेव्हा दोरी जमिनीवर घसटू द्या, पण पट्ट्यापासून सोडू नका. एका काठीआड एक अशा काठ्या काढायला आठव्या महिन्यानंतर सुरुवात करा.

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. पिल्लू पुढे पळतं आणि मालक "ए, थांब" म्हणत मागोमाग चालू लागतो. पिल्लाला एवढंच कळतं, की आपण पुढे गेलो तरी धनी येतोच आहे. मग पन्नास मीटरचे शंभर होतात, शंभराचे तीनशे. ते लांब गेलं की तुम्ही उलट्या दिशेला चालू लागा, शेडमागे लपलात तरी चालेल. तुम्ही हरवू शकता हे एकदा त्याला कळलं, की ते दर थोड्या वेळानं स्वतःहून येऊन बघून जातं. नीट शिकलेल्या कुत्र्यानं शिट्टीच्या टापूबाहेर, म्हणजे दीड-दोनशे मीटरपलीकडे जाऊ नये.

कुत्रा हद्द सोडतो त्याचं दुसरं कारण संख्या. एकटा कुत्रा बांधावर थांबतो. तीन झाले की टोळी होते आणि डुकरामागे रानात शिरते. दोन पुरेत, त्यातला एक वयानं मोठा आणि शिकलेला हवा. तिसरं कारण भूक. संध्याकाळी एक तृतीयांश खाणं द्या आणि उरलेलं सकाळी, घरी परतल्यावर. उपाशी कुत्रा स्वतःची शिकार शोधायला जातो आणि पोट तुडुंब भरलेला झोपतो.

गळ्यात पितळी घुंगरू बांधा. अंधारात ते किती लांब आहे आणि चालतंय की धावतंय, हे आवाजावरून कळतं. सिमकार्डवर चालणारा ट्रॅकर दरीत नेटवर्क गेलं की काही सांगत नाही. विजेचा झटका देणारा पट्टा आम्ही ठेवत नाही: झटका बसतो तेव्हा पिल्लू ज्याच्याकडे बघत असतं, त्याचीच भीती त्याच्या मनात बसते, आणि ते कधीकधी तुमचं शेतच असतं.

हद्दीबाहेर नुसतं डुक्कर नसतं. तारेच्या फासक्या, बेकायदा वीज सोडलेल्या तारा, पिठात किंवा चरबीत गुंडाळलेले गावठी बॉम्ब हे सगळं डुकरासाठी लावलेलं असतं आणि पहिल्यांदा सापडतो तो कुत्रा.

रात्र, सुळे आणि बिबट्या

सहा महिन्यांनंतर रात्री तासभर, दोरीवर, तुमच्यासोबत. समोरासमोर डुकराचा आवाज-वास एक वर्षाच्या आत देऊ नका. एकदा जबर धडक खाल्लेलं पिल्लू एक तर जन्मभर शेपूट घालतं, नाही तर बिनधास्त अंगावर जातं. दोन्ही निकामी. पिल्लांसोबतची डुकरीण एकट्या नराइतकीच धोक्याची.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर यांसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात कुत्रा रात्री शेतात बांधून ठेवणं म्हणजे आमिष ठेवणं. आठ बाय सहा फुटांचा जाळीचा पिंजरा करा, वरूनही जाळी किंवा पत्रा, कारण बिबट्या चढतो. कुत्रा आतून भुंकेल. बॅटरी घेऊन बाहेर पडायचं ते माणसानं, तेही एकट्यानं नव्हे. धनगरांच्या कुत्र्यांना असतो तसा खिळ्यांचा पट्टा गळ्याला आडोसा देतो, पण पिंजऱ्याची जागा घेत नाही.

सुळ्याची जखम फसवी असते. बाहेरून दोन बोटांची चीर दिसते, आत कातडीखाली वीतभर फाटलेलं असतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट छोटा चमचा मीठ घालून धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा, हळद-राख-तेल काही लावू नका. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. त्याच पाण्यात भिजवलेलं कापड वर गुंडाळा आणि निघा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर आत रक्त जातंय, थांबू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडतात.

घरातलं उरलेलं खाणं देताना कांद्याची भाजी-आमटी वगळा, भाकरीसोबत उकडलेलं अंडं पुरेसं चांगलं. पावसाळ्यात दर संध्याकाळी कान आणि बोटांमधल्या फटी गोचिडांसाठी चाचपा. ताप, पिवळट डोळे किंवा गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि नेताना लसीचं कार्ड सोबत न्या, डॉक्टर पहिलं तेच मागतात.