लेझरची यादी की मायनर ओटीचा वार? स्किनची सीट निवडताना

पदव्युत्तर प्रवेशाचं काउन्सेलिंग जवळ आलं की स्किनपर्यंत, म्हणजे त्वचारोगाच्या एमडीपर्यंत, रँक पोचलेली मुलं सीनियर्सना एक प्रश्न हमखास विचारतात: "तिथे प्रोसिजर्स होतात का?" उत्तर येतं, "हो, भरपूर." फसगत होते ती इथेच, कारण प्रोसिजर्स म्हटल्यावर दोन वेगळी कामं एकत्र येतात. एक एस्थेटिक काम: लेझर, पील, बोटॉक्स, फिलर. दुसरं डर्मॅटोसर्जरी, म्हणजे जागेवर भूल देऊन, ब्लेड किंवा पंच (त्वचेचा गोल तुकडा कापायचं हत्यार) हातात घेऊन, टाके घालून करायचं काम. पहिल्यात दांडगा असलेला विभाग दुसऱ्यात कच्चा असू शकतो.

लेझर म्हणजे नुसतं बटण दाबणं, असं मुळीच नाही. त्वचेचे गोरी ते गडद असे सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या वर्गवारीत आपल्याकडे बहुतेक रुग्णांची त्वचा 4 आणि 5 प्रकारांत मोडते. ऊर्जा थोडी जास्त झाली तरी भाजतं आणि मागे राहिलेला काळेपणा महिनोन्‌महिने जात नाही. केस काढायला गडद त्वचेवर 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेनं सुरक्षित, कारण त्या तरंगलांबीला मेलॅनिन ऊर्जा कमी शोषतं. हे तारतम्य शिकावंच लागतं. पण पाया पक्का असेल तर ते एमडीनंतरही शिकता येतं. ऊतक हाताळायचा हात मात्र दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये बसत नाही.

कोडासाठीचं पंच ग्राफ्टिंगच घ्या, म्हणजे चांगल्या त्वचेचे बारीक तुकडे (ग्राफ्ट) डागावर बसवणं. आधी वर्षभर नवा डाग आलेला नाही आणि जुना वाढलेला नाही, याची खात्री करायची. मग मांडीवरून किंवा कुल्ल्यावरून 1 ते 1.5 मिलिमीटरचे ग्राफ्ट काढायचे आणि डागावर 5 ते 10 मिलिमीटर अंतरानं खड्डे घेऊन त्यांत बसवायचे. खड्डा उथळ राहिला किंवा ग्राफ्ट जाड निघाला की तिथे उंचवटा येतो. यालाच कॉबलस्टोनिंग म्हणतात. आठवड्यानं ड्रेसिंग उघडताना काही ग्राफ्ट गॉजबरोबर निघून येतात. ते का निघाले हे ज्यानं बसवले त्यानंच पाहायला हवं, कारण खरं शिक्षण तिथे होतं. कोडाच्या शस्त्रक्रियेत आपल्या देशाचं काम जुनं आहे: दिल्लीच्या डॉ. बेहल यांनी 1964 मध्येच पातळ त्वचारोपणावर लिहिलं होतं.

रुतलेल्या नखाचंही तसंच. डिजिटल ब्लॉक (बोट बधिर करायचं इंजेक्शन) नीट लागला, रुतलेली कड काढून नखाच्या मुळाशी ते जाळणारं 88 टक्के फिनॉल योग्य जागी योग्य वेळ ठेवलं, तर ती कड सहसा पुन्हा रुतत नाही. गाठ किंवा तीळ काढताना लंबगोल छेदाची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवली नाही, तर टोकाला डॉग-इअर, म्हणजे त्वचेचा फुगवटा, उरतो. हे वाचून कळतं, जमतं मात्र केल्यानंच.

बाहेरच्या चर्चा वाचून "मोज सर्जरी (त्वचेचा कर्करोग थर-थर काढत, प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासत करायची शस्त्रक्रिया) होते का?" असं विचारणारेही भेटतात. अमेरिकेत त्वचेचे कर्करोग फार, म्हणून तिथल्या रेसिडेन्सीचं सर्जिकल वजन मोजवरून पाहणं योग्यच. आपल्याकडे ते प्रमाण बरंच कमी. इथे कोड, मुरुमांचे व्रण, नखं, सिस्ट हीच रोजची शस्त्रक्रिया. विभाग जोखायचा तो यांवरून.

मग विचारायचं काय? मायनर ओटी, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांची खोली, आठवड्यातून किती दिवस चालते, आणि तो ठरलेला वार ओपीडीच्या गर्दीत गिळला जातो का. सेकंड इयरचा रेसिडेंट स्वतः करतो की नुसता गॉज धरतो. जमलं तर थर्ड इयरच्या कुणाचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, पाहा. त्यात "असिस्टेड" किती आणि "परफॉर्म्ड" किती, एवढं मोजा. एस्थेटिकचा रुग्ण पैसे मोजून येतो तिथे त्याला बऱ्याचदा कन्सल्टंटचाच हात हवा असतो, आणि रेसिडेंटच्या वाट्याला सुन्न करायचं क्रीम लावणं येतं. सरकारी रुग्णालयात केस हाताला लागतात, पण पंच आणि सूचर (टाक्यांचा दोरा) नियमित मिळतात का हेही विचाराच. तीन वर्षांतले तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीत, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामात, जातात; ते कोणत्या सत्रात येतात तेही बघा.

दोन सीट्स बाकी सगळ्यांत सारख्या असतील, तर मी मशीनं कमी पण ओटी नियमित चालणारी निवडेन. फोन करायचा तर सेकंड इयरच्या रेसिडेंटला करा, आणि "गेल्या महिन्यात तू स्वतः काय काय केलंस?" एवढंच विचारा.