रेंजच्या दोन दांड्या आणि न लागणारा फोन

वस्तीपासून दूर, डोंगराच्या एखाद्या सोंडेवर फोनच्या पडद्यावर रेंजच्या दोन दांड्या स्पष्ट दिसत असतात. नंबर फिरवला जातो, काही क्षण काहीच ऐकू येत नाही आणि कॉल तुटतो. पुन्हा फिरवला तरी तेच. अशा वेळी राग फोनवर किंवा मोबाइल कंपनीवर निघतो. मात्र त्या दांड्यांचा नेमका अर्थ माहीत असेल, तर अडचणीच्या प्रसंगी बॅटरी आणि वेळ दोन्ही वाचतात.

दांड्या दाखवतात ते टॉवरकडून फोनपर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलचे बळ. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोहोचतो की नाही, हे त्यांवरून कळत नाही. टॉवरचा ट्रान्समीटर दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि त्याचा अँटेना ती शक्ती ठरावीक दिशेला एकवटतो. हातातला ४जी फोन मात्र सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीने बोलू शकतो. मैदानावरच्या सभेतला लाउडस्पीकर दूरच्या शेतात ऐकू यावा, पण शेतातल्या माणसाने दिलेली हाक व्यासपीठापर्यंत जाऊ नये, तशी ही स्थिती असते. टॉवरचे रिसीव्हर अतिशय संवेदनशील असल्यामुळे ही तफावत बरीचशी भरून निघते, परंतु पूर्ण नाही; म्हणून रेंजच्या काठावर आधी तुटतो तो फोनकडून टॉवरकडे जाणारा दुवा.

अंतराचीही एक मर्यादा आहे आणि ती शक्तीशी संबंधित नाही. २जी तंत्रात प्रत्येक फोनला बोलण्यासाठी सेकंदाचा अगदी छोटा हिस्सा वाटून दिलेला असतो आणि सिग्नलला प्रवासात लागणारा वेळ धरून फोनला थोडे आधी बोलावे लागते. हे ‘आधी बोलणे’ सुमारे ३५ किलोमीटर अंतरापर्यंतच जुळवता येते. त्यापलीकडे सिग्नल कितीही स्वच्छ असला, तरी नेहमीच्या टॉवरशी संभाषण जुळत नाही. ४जीमध्ये ही मर्यादा टॉवरच्या मांडणीनुसार सुमारे १४ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत ठेवता येते. उंच शिखरावरून दूरच्या शहराचे दिवे दिसतात, पडद्यावर दांड्याही दिसतात आणि तरीही कॉल लागत नाही, याचे हे एक कारण असू शकते.

तरीही उंचीचा फायदा मोठाच आहे. मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा त्यांना अडवतो. ३० मीटर उंचीच्या टॉवरचे रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी जिथवर थेट पोहोचतात ती हद्द, साधारण २२ किलोमीटरवर असते. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे जेमतेम ५ किलोमीटरवर. तोच माणूस भोवतालच्या प्रदेशापेक्षा ३०० मीटर उंच डोंगरधारेवर गेला, तर त्याचे क्षितिज ७० किलोमीटरच्या पुढे सरकते. दरीच्या तळाशी मात्र क्षितिजाचा हिशेबच उरत नाही, कारण समोरचा कडाच लहरी अडवून धरतो. म्हणून जखमी माणूस दरीत असेल आणि सोबत धडधाकट माणसे असतील, तर एकाने फोन घेऊन धारेवर जाणे बहुधा शहाणपणाचे ठरते. तिथे पोहोचल्यावर फोन शरीरापासून थोडा दूर धरावा. मानवी शरीर पाण्याने भरलेले असल्यामुळे या लहरी शोषून घेते आणि रेंजच्या काठावर तेवढा फरकही निर्णायक ठरू शकतो.

आता आणीबाणीच्या नंबराविषयी. ११२ हा नंबर फिरवला की फोनला तो आणीबाणीचा कॉल असल्याचे कळते आणि आपल्या कंपनीची रेंज नसेल तर तो मिळेल त्या सुसंगत नेटवर्कवरून कॉल लावण्याचा प्रयत्न करतो. पडद्यावर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ अशी ओळ दिसते, तेव्हा परिसरात दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर आहे असा तिचा अर्थ असतो. यावरून ११२ कुठेही, टॉवर नसतानाही लागतो असा एक समज पसरला आहे आणि तो घातक आहे. कोणत्याच कंपनीचा टॉवर टप्प्यात नसेल, तर कोणताही नंबर साध्या मोबाइल नेटवर्कवरून लागत नाही.

कॉल टिकत नसेल, तेव्हा एसएमएस जाण्याची शक्यता अधिक असते. बोलण्यासाठी दोन्ही बाजूंचा दुवा सलग टिकावा लागतो. संदेशाला काही सेकंदांची संधी पुरते. कंपनीच्या संदेश केंद्रात तो पोहोचला की पुढचे काम केंद्र करते आणि समोरच्याचा फोन त्या वेळी बंद असला, तरी संदेश काही काळ राखून ठेवते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७० चिन्हे. आणि काना, मात्रा, वेलांटी हे सारे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘मदत’ या शब्दाला ३ जागा लागतात, तर ‘वाचवा’ला ५. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि कमजोर रेंजमध्ये प्रत्येक तुकडा पोहोचेलच याची खात्री नसते. त्यामुळे ठिकाण, काय झाले, किती जण आणि बॅटरी किती, एवढेच लिहावे. अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने देताना चार स्थळे पुरतात. त्यात जास्तीत जास्त दहा-अकरा मीटरचा फरक पडतो आणि शोधपथकाला तो चालतो. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते: आणीबाणीच्या कॉलप्रमाणे साधा एसएमएस परक्या कंपनीच्या टॉवरवरून आपोआप जात नाही.

हे अक्षांश-रेखांश मिळवायला रेंज लागत नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि फोन त्यांचे संकेत फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. शहरात स्थान क्षणात कळते, कारण उपग्रहांची ताजी माहिती फोन इंटरनेटवरून आधीच घेतो. दुर्गम भागात ती माहिती उपग्रहाकडूनच सेकंदाला ५० बिट अशा संथ वेगाने घ्यावी लागते. तिला निदान अर्धा मिनिट, पुष्कळदा त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली फोन स्थिर धरून थांबण्याचा धीर हवा. नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल, तर पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवर निळा ठिपका दिसतो. त्याचा चालणाऱ्याला उपयोग कमी, पण आकडे सांगायला तो पुरेसा असतो.

बॅटरीच्या बाबतीत बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. फोन वापरला नाही म्हणजे बॅटरी टिकेल असे वाटते, पण रेंज नसलेल्या भागात खिशातला फोन टॉवरच्या शोधात पुन्हा पुन्हा लहरींचे सर्व पट्टे धुंडाळत राहतो, आणि क्षीण रेंज सापडली की पूर्ण शक्ती लावून बोलतो. टॉवरजवळ हाच फोन अत्यल्प शक्तीत काम भागवतो. म्हणून रेंज नसलेल्या प्रवासात विमान मोड चालू ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. बहुतेक फोनमध्ये त्या स्थितीतही जीपीएस चालते. थंडीत दुसरी अडचण येते. लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, तापमान उतरले की वाढतो आणि ३० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. ती वीज नाहीशी झालेली नसते. फोन अंगाच्या उबेत ठेवला की पुष्कळदा पुन्हा सुरू होतो. शून्याखालच्या तापमानात चार्जिंग मात्र टाळावे, कारण त्यामुळे आत धातुरूप लिथियमचा थर साचून बॅटरी कायमची बिघडू शकते.

विमान मोडचा सल्ला एका ठिकाणी आडवा येतो. वाट चुकलेल्या माणसाचा बंद फोन शोधणाऱ्यांना काहीच सांगत नाही. चालू फोन कॉल न लागताही खूण सोडू शकतो. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एक कुटुंब बर्फात डोंगरी रस्त्यावर अडकले. त्यांना कुणाशीही बोलता आले नाही, पण त्यांच्या एका फोनने मध्यरात्रीनंतर एका दूरच्या टॉवरशी क्षणभर संपर्क साधला होता. मोबाइल कंपनीच्या अभियंत्यांनी ती नोंद शोधली, त्या टॉवरचा सिग्नल कोणकोणत्या उतारांपर्यंत पोहोचू शकतो याचे गणित मांडले आणि शोध त्या भागाकडे वळला. आई आणि दोन मुली वाचल्या. मदत आणायला पायी निघालेले वडील वाचले नाहीत. माझ्या मते मध्यम मार्ग असा: चालताना विमान मोड, पण अडकल्याचे स्पष्ट झाले की जागा सोडण्याऐवजी ठरावीक वेळांना, शक्य तितक्या उघड्या जागी, फोन काही मिनिटे नेटवर्कवर आणावा आणि संदेश गेल्याचे दिसले की बॅटरी पाहून तो अधिक काळ चालू ठेवावा.

काही फोन आता उपग्रहाशीही बोलतात. २०२२ च्या नोव्हेंबरात आयफोन १४ मध्ये ही सोय काही देशांत सुरू झाली. सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २५,००० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या उपग्रहाकडे फोन रोखून धरावा लागतो. मोकळ्या जागी छोटा संदेश काही सेकंदांत जातो, झाडीखाली मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि गर्द झाडीत तो जाईलच असे नाही.

खरोखर एकाकी प्रदेशात मात्र फोनवर भिस्त ठेवू नये, असेच मला वाटते. त्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे आणीबाणीचे बीकन, म्हणजे उपग्रहांकडे संकटाचा संकेत पाठवणारे यंत्र, असते. ते साधारण ५ वॅट शक्तीने, सुमारे दर ५० सेकंदांनी, किमान २४ तास संकेत पाठवते. त्याची बॅटरी फोटो काढण्यात संपत नाही, कारण त्याला दुसरे काम नसते. ते ऐकणारी कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणा कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मिळून उभारली आणि १९८२ च्या सप्टेंबरात तिच्यामुळे पहिली सुटका झाली. बीकन घेताना त्याची नोंदणी करावी लागते. संकेत मिळाला की बचाव केंद्र सहसा त्या नोंदणीतल्या संपर्क क्रमांकावर फोन करून खातरजमा करते; त्यामुळे तिथे स्वतःचा नव्हे, तर घरी असलेल्या आणि आपली वाट, सोबती व परतीची वेळ ठाऊक असलेल्या माणसाचा नंबर द्यावा.