हाँटर पुढे का जात नव्हता

२०२५च्या दिवाळीत साताऱ्याच्या आमच्या घरी अंगणातला किल्ला अर्धाच राहिला. बुरूज थापून झाले होते, अळीव पेरायचं तेवढं बाकी होतं. पण पुण्याहून आलेल्या भाच्याच्या पिशवीत निन्टेन्डोचं स्विच २ हे हातात धरून खेळायचं यंत्र होतं आणि १६ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर आलेला 'पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए' हा गेम होता. मग माती कोण कालवतंय! माझ्या वडिलांनी किंमत विचारली. अमेरिकेतली ४५० डॉलर ऐकून मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "एवढ्यात दुचाकीचं डाउन पेमेंट झालं असतं. आणि ह्यात करायचं काय, तर प्राणी गोळा करायचे?"

हो, प्राणीच गोळा करायचे. पण ते का, आणि त्यासाठी हातात मावणारं यंत्रच का लागलं, हे सांगायला थोडं मागे जावं लागतं.

निन्टेन्डो ही १८८९ साली क्योटोत सुरू झालेली पत्त्यांची कंपनी. हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते ती बनवायची. तिथे १९६५मध्ये गुन्पेइ योकोइ नावाचा तरुण लागला, तो पत्त्यांच्या कारखान्यातली मशीनं सांभाळायला. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्याला एक प्रवासी दिसला. वेळ जाईना म्हणून तो खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. त्यातून १९८०मध्ये 'गेम अँड वॉच' आलं. पडदा कॅल्क्युलेटरचाच, खेळ एकच, आणि सोबत घड्याळ.

योकोइचं एक तत्त्व जपानबाहेरही प्रसिद्ध आहे. शब्दशः घेतलं तर तो 'वाळलेल्या तंत्रज्ञाना'बद्दल बोलतो. मला आपला 'मुरलेलं' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. जे तंत्रज्ञान स्वस्त झालंय, ज्याच्या खोड्या सगळ्यांना कळून चुकल्यात, ते घ्यायचं आणि भलत्याच कामाला लावायचं. १९८९चा गेम बॉय हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट, छटा फक्त चार, मागून उजेड नाही. रात्री खेळायचं तर ट्यूबलाइटखाली जाऊन बसा. त्याच वर्षी अटारीचं लिंक्स आलं, पुढच्या वर्षी सेगाचं गेम गियर. दोन्ही रंगीत, दोन्ही देखणी, आणि दोन्ही सहा-सहा पेन्सिल सेल काही तासांत फस्त करणारी. गेम बॉय चार सेलवर त्यांच्या कितीतरी पट जास्त चालायचा. गेम बॉय आणि नंतरचा रंगीत गेम बॉय मिळून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख नग खपले. त्या दोन सुंदर यंत्रांचं काय झालं ते सांगायची गरज नाही.

त्या ठोकळ्याच्या कडेला एक बारीकसं भोक होतं. त्यात वायर खोचली की दोन गेम बॉय एकमेकांना जोडले जात. ही सोय होती सामन्यांसाठी: दोघांनी समोरासमोर बसून टेट्रिस खेळायचं आणि एकमेकांना हरवायचं. त्या वायरकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं ते सातोशी ताजिरीनं.

ताजिरीचा जन्म १९६५चा. टोकियोच्या पश्चिमेला माचिदा नावाचं गाव आहे, तिथे तो वाढला. शेतं, ओढे, तळी होती तोवर हा दिवसभर किडे पकडायचा. पोरं त्याला 'डॉक्टर किडा' म्हणायची. बाकीची मुलं भुंगे पकडायला झाडाच्या सालीला मध लावायची. हा झाडाखाली दगड ठेवून यायचा, कारण भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात हे त्यानं हेरलं होतं. पुढे शहर वाढत आलं, तळी बुजली, त्यावर इमारती आणि व्हिडिओ गेम पार्लर उभी राहिली. तोही मग किडे सोडून पार्लरमध्ये रमला. १९८३मध्ये त्यानं 'गेम फ्रीक' नावाचं स्वतः लिहून स्टेपल मारलेलं नियतकालिक काढलं. केन सुगिमोरी हा चित्रकार त्याला तिथेच भेटला आणि १९८९मध्ये त्याच नावाची कंपनी निघाली.

हे वाचलं तेव्हा मला काडेपेटी आठवली. पहिला पाऊस झाला की यवतेश्वरच्या घाटाकडे सायकली दामटत जायचं आणि बाभळीवरून सोनकिडे काढायचे. हिरवे, तांब्याची झाक असलेले, उन्हात धरले की डोळे दिपवणारे. काडेपेटीत बाभळीचा पाला घालून त्यात किडा ठेवायचा आणि शाळेत न्यायचा. एकट्यानं बघण्यात मजा नव्हती. "दाखव की तुझा" आणि "देतो का, दोन गोट्या घे" ह्यातच सगळी गंमत. ताजिरीला नेमकं हेच यंत्रात बसवायचं होतं. त्याच्या डोळ्यासमोर एक किडा होता, एका गेम बॉयमधून निघून वायरीवरून सरपटत दुसऱ्यात जाणारा.

हे जुळून यायला सहा वर्षं लागली. पैसे संपले, पाच जण सोडून गेले, ताजिरीनं स्वतः पगार घेतला नाही, वडिलांच्या कमाईवर राहिला. मारिओचा कर्ता शिगेरू मियामोतो त्याच्या पाठीशी होता. एकाच गेमच्या दोन आवृत्त्या काढायची कल्पना मियामोतोचीच मानली जाते. २७ फेब्रुवारी १९९६ला पोकेमॉनचे लाल आणि हिरवा असे दोन गेम जपानात आले. एकान्स हा साप फक्त लालमध्ये, सँडश्रू फक्त हिरव्यात. सगळे हवेत तर दुसऱ्याकडे जा, वायर जोडा, अदलाबदल करा. आणि ह्यावरची कडी म्हणजे काही प्राणी अदलाबदल केल्याशिवाय शेवटच्या रूपात जातच नाहीत. हाँटर नावाचं भूत कितीही लढवा, ते हाँटरच राहतं. दुसऱ्याच्या यंत्रात गेलं की त्याच क्षणी गेंगर होतं.

सगळा गेम ५१२ केबीचा. आजच्या मोबाइलवरच्या एका फोटोच्या जागेत असे पाच-सहा गेम आरामात मावतील. त्यातही शेवटी शेवटी चाचणीचा कोड काढल्यावर शे-तीनशे बाइट जागा उरली, तेव्हा शिगेकी मोरिमोतो ह्या प्रोग्रामरनं कोणाला फारसं न सांगता त्यात १५१वा प्राणी कोंबला, म्यू. तो सापडल्याची कुजबुज पसरली. मग मुलांच्या एका मासिकातून वीस जणांना म्यू देण्याची सोडत निघाली, तिला सुमारे ७८ हजार पत्रं आली. सुरुवातीला कूर्मगतीनं खपणारा गेम तिथून सुटला. तोवर गेम बॉय सात वर्षांचा झाला होता, लोक त्याला मेल्यात जमा धरत होते. खरं तर त्या गेमनं यंत्राला दुसरा जन्म दिला. योकोइ १९९६मध्येच कंपनीतून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी रस्ता अपघातात गेला.

ह्यातलं काहीही साताऱ्यात आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे हातातला गेम म्हणजे जत्रेत मिळणारा '९९९९ इन १', ज्यात प्रत्यक्षात विटा रचायचे सात-आठच प्रकार असायचे. पोकेमॉन आला तो २००३मध्ये कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. आणि पाठोपाठ चीटोजच्या पाकिटातून, टाझोच्या रूपात. हे मूळ क्रमाच्या अगदी उलटं झालं. जपानात गेम आधी, कार्टून नंतर. आम्हाला कार्टून आणि प्लास्टिकच्या चकत्या आधी मिळाल्या. ह्या सगळ्याच्या मुळाशी गेम आहे हे कळायला आणखी काही वर्षं गेली. हिरोचं जपानी नाव सातोशी आहे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं शिगेरू, हे कळायला तर इंटरनेट घरी यावं लागलं.

टाझोची मात्र आम्ही बाजारपेठच उभी केली होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे. "पिकाचू डबल आहे का?" ह्या वाक्यानं सौदा सुरू व्हायचा. एका चारिझार्डला तीन साधे असा भाव होता, कोपरा मुडपलेला असेल तर दोन. एकानं कंदी पेढ्यावर टाझो मागितला होता, तो सौदा मोडला कारण पेढा आधी खाल्ला गेला. वायर नव्हती, पण ताजिरीला जे हवं होतं ते आमच्या टाकीमागे चाललंच होतं.

खरा गेम भेटला पोवई नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये. तिथल्या दादानं कुठूनतरी गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा इम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, आणून ठेवला होता आणि त्यात 'फायररेड' होता, १९९६च्या लाल गेमचा २००४मधला नवा अवतार. तीन नंबरच्या मशीनवर माझा सेव्ह. ते मशीन रिकामं नसलं की बाहेर कट्ट्यावर बसायचं. मी गॅस्टली पकडला, त्याचा हाँटर केला आणि मग महिनाभर त्याला लढवत राहिलो. तीसवी लेव्हल, चाळिसावी, पन्नासावी. काही होईना. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "मशीन फॉरमॅट करून बघू का?" हाँटरला वायर हवी होती, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यातल्या खोट्या गेम बॉयला आम्ही वायर कुठे खोचणार? कडाब्रा, मशोक, ग्रेव्हलर, सगळे असेच अर्ध्यावर अडकलेले. आमच्या ओळखीत कोणाकडेही गेंगर नव्हता. इम्युलेटरवर तो मिळवता येतच नाही अशी आमची पक्की समजूत होती.

तिकडे वायर कधीच मागे पडली होती. २००४मध्ये निन्टेन्डोचं डीएस आलं, दोन पडद्यांचं. २००६च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये वाय-फायवरून जगात कोणाशीही अदलाबदल करता येऊ लागली. समोरचा कोण, कुठला, काही कळायचं नाही. प्राणी येतो, प्राणी जातो. २०१३च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये खेळाचं जग त्रिमितीय झालं. २०१६च्या डिसेंबरमध्ये 'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे आला आणि काही दिवस माणसं मोबाइल पुढे धरून फूटपाथवर चालताना दिसली.

मार्च २०१७मधलं स्विच हे योकोइच्या वळणाचंच यंत्र होतं: हातात धरा नाहीतर टीव्हीला लावा, आतली चिप साधीच. ते १५ कोटींच्या वर खपलं. पण गेमची भूक यंत्रापेक्षा वाढली. नोव्हेंबर २०२२च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायलेट'मध्ये सगळं जग मोकळं केलं, कुठेही जा, आणि स्विचला ते झेपेना. लांबची माणसं अडखळत चालायची, डोंगर जवळ गेल्यावर अचानक उगवायचे. तरी तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. माझ्या मते ही लाजिरवाणी गोष्ट होती. जे लोक कधीकाळी तीनशे बाइटमध्ये म्यू बसवत होते, त्यांच्याच घरातली.

५ जून २०२५ला आलेलं स्विच २ हे बरंचसं त्याचं उत्तर आहे. ७.९ इंची पडदा (पहिल्या स्विचचा ६.२ होता), २५६ जीबी जागा, बाजूचे कंट्रोलर लोहचुंबकानं खट्कन बसतात. ह्यात मुरलेलं फार थोडं आहे. फुकट अपडेट टाकलं की तोच 'स्कार्लेट' ह्यावर लोण्यासारखा चालतो. 'लेजेंड्स झेड-ए' जुन्या स्विचवरही येतो. तो सगळा एकाच शहरात घडतो. लुमिओज हे पॅरिसवरून बेतलेलं शहर पहिल्यांदा दिसलं होतं २०१३मध्ये. आता आलटून पालटून वार करायची जुनी रीत गेली आहे. प्राणी समोर धावत असतो आणि लढाई तिथल्या तिथे होते. भाचा हे सहज करतो. मी दोनदा हरलो आणि यंत्र परत दिलं.

त्याच्याकडे २०२२चा 'लेजेंड्स आर्सेउस'ही होता. जुन्या स्विचची गेम-कार्ट्रिजं नव्यात चालतात. भाऊबीजेच्या दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी तो लावून बसलो. त्यात मला एक हाँटर सापडला. तो पुढे न्यायला कोणाची गरज आहे का, असं भाच्याला विचारलं, तर त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "मामा, लिंकिंग कॉर्ड वापर ना."

ह्या गेममध्ये ती वायर ही एक वस्तू झाली आहे. झोळीत असते, गुंडाळलेली. ती हाँटरला लावायची, बस्स. दुसरं यंत्र नको, दुसरं माणूस नको. मी लावली. पडद्यावर उजेड झाला आणि तो जाडा, जांभळा, दात विचकणारा गेंगर माझ्यासमोर उभा राहिला.

"एवढंच?" भाचा म्हणाला. मग अळीव कुठे ठेवलंय ते विचारायला तो आजीकडे गेला.