वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन? खुशाल!

इंग्रजी वाक्य प्रिपोझिशनवर (म्हणजे 'फॉर', 'विथ' यांसारख्या संबंध दाखवणाऱ्या शब्दावर) संपवू नये, हे अजूनही शिकवलं जातं. प्रत्यक्षात असा नियमच नाही. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा रचनेला नाक मुरडलं. १७६२ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात रॉबर्ट लाउथने भारदस्त लेखनात प्रिपोझिशन आधी घेणं बरं, असं सुचवलं. बोलण्यात ते शेवटीच येतं, हेही मान्य केलं. पुढच्या मास्तरांनी सूचनेचा कायदा केला.

'लुक'ला 'फॉर' जोडलं की शोधणं, 'आफ्टर' जोडलं की सांभाळणं, 'इंटू' जोडलं की चौकशी करणं. अर्थ जोडीत असतो. म्हणून 'व्हॉट' वाक्यारंभी गेलं तरी 'फॉर' क्रियापदापाशीच राहतं: 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' 'फॉर व्हॉट आर यू लुकिंग?' व्याकरणात बसतं, पण कोर्टातल्या अर्जासारखं वाटतं. 'पुट अप विथ' (सहन करणं) तर फोडूच नये.

आपल्याकडची खरी चूक वेगळीच, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: 'डिस्कस अबाउट'. 'डिस्कस' या क्रियापदाला प्रिपोझिशन लागत नाही, थेट 'डिस्कस द प्लॅन'. 'डिस्कशन' या नामापुढे मात्र 'अबाउट' चालतं.