जुन्या अमेरिकन गाडीत ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक : हे प्रकरण सुरू कुठून झालं

धुळे-जळगाव रस्ता चार पदरी झाला तसं इकडच्या जुन्या गाडीवाल्यांचं एक नवीनच गाऱ्हाणं ऐकू यायला लागलं, गाडी ऐंशीपर्यंत झकास पळते पण शंभरला नेली की इंजिन नुसतं बोंबलतं, आतमध्ये बोलता येत नाही आणि पेट्रोलचा काटा डोळ्यादेखत खाली येतो. फागणे-तरसोद, तरसोद-चिखली ही त्या कामाच्या टप्प्यांची नावं आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहेत, इतकी वर्षं ते काम चाललं. त्याआधी ६ नंबर हायवेवर केळीच्या ट्रकच्या मागे पन्नास-साठनेच जायचं असायचं, त्यामुळं १९६० च्या शेवरोलेत दोनच गिअर आहेत हे कुणाला खटकायचा प्रश्नच नव्हता. आता खटकतं, मग कुणीतरी सांगतं की ७००-आर-४ टाक भो, म्हणजे जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आपल्या भाषेत डबा, आणि चर्चा थेट किमतीवर जाते. पण हा डबा मुळात बनला कशासाठी ते माहीत असेल तर त्याच्या खोड्या आपोआप कळतात, म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगतोय.

आधी हिशोब. जुन्या गाडीत टॉप गिअर म्हणजे डायरेक्ट, इंजिनचा एक फेरा तर शाफ्टचा पण एक फेरा. मागे ३.७३ चा क्राउन (मागच्या एक्सलमधला गिअर, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे) आणि २७ इंची टायर धरलं तर शंभरच्या स्पीडला इंजिन २९०० च्या आसपास फिरतं. ओव्हरड्राइव्ह गिअर ०.७० चा असतो, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनला पाऊण फेरा पण मारावा लागत नाही, तेच इंजिन त्याच स्पीडला २००० वर येतं. ९०० फेरे कमी, दर मिनिटाला. एवढंच आहे ते, जादू काही नाही.

ही कल्पना लोक समजतात त्यापेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोमध्ये बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह होता, इंग्लंडात लेकॉक कंपनी १९४८ पासून एडगर डी नॉर्मनव्हिलच्या डिझाइनचा ओव्हरड्राइव्ह बनवायला लागली, स्टँडर्ड व्हॅनगार्ड ही तो घेणाऱ्या सुरवातीच्या गाड्यांतली, पुढं ट्रायम्फ, एमजी, व्होल्व्हो असा तो सगळीकडे गेला. पण हे सगळं हाताने गिअर टाकायच्या गाड्यांचं, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला बसणारं जास्तीचं यंत्र. ऑटोमॅटिकवाल्यांनी पुढची जवळपास तीस वर्षं त्याकडे ढुंकून बघितलं नाही.

आणि गंमत म्हणजे ऑटोमॅटिकची सुरवातच चार गिअरने झाली होती. जनरल मोटर्सचा (जीएम) हायड्रामॅटिक १९३९ मध्ये आला, १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये, पुढं जायचे चार गिअर. दुसऱ्या महायुद्धात एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि हेच हायड्रामॅटिक डबे बसवले होते, इतका तो दणकट. पण चौथा गिअर डायरेक्टच, त्याच्या पुढं कुणी गेलं नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये लिव्होनियाचा हायड्रामॅटिकचा कारखानाच जळाला, तेव्हा काही कॅडिलॅकमध्ये ब्युइकचा डायनाफ्लो बसवून गाड्या बाहेर काढाव्या लागल्या.

चाराचे पुढं पाच व्हायला पाहिजे होते ना? झालं उलटं. १९५० मध्ये शेवरोलेचा पॉवरग्लाइड आला तो दोन गिअरचा. मग १९५६ ला क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट तीन गिअरचा, नंतर फोर्डचा सी-४, जीएमचा टीएच-४०० आणि १९६९ चा टीएच-३५० हे सगळे तीनवर थांबले. या तीनवाल्यांमागे हॉवर्ड सिम्पसन नावाच्या माणसाचा प्लॅनेटरी गिअरचा संच आहे (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तसा), दोन सेट आणि मधला, म्हणजे सन गिअर, एकच, बनवायला स्वस्त, टिकायला भक्कम, त्यामुळं प्रत्येक कंपनीने तोच धरला. त्यात तिकडं पेट्रोल पाण्याच्या भावात आणि बॉनेटखाली भलीमोठी व्ही-८, तिला ताकदीसाठी गिअर बदलायची गरजच फारशी पडायची नाही, उरलंसुरलं टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढं देणारा भाग, सांभाळून घ्यायचा. आपल्याकडे अशी गाडी दारात उभी राहिली की म्हातारी माणसं विचारायची, हाई गाडी शे का पेट्रोलनी टाकी.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं तिथं हा सगळा खेळ पालटला. बॅरलला ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ च्या जवळ गेला. अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलाची मर्यादा घातली, म्हणजे आपले ८८ किलोमीटर, आणि १९७५ मध्ये कायदा केला की प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचं मिळून सरासरी ॲव्हरेज ठराविक आकड्याच्या खाली जाता कामा नये. १९७८ च्या मॉडेलला गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला साडेसातच्या थोडं वर, आणि १९८५ ला २७.५, म्हणजे साडेअकरा-पावणेबारा. आता एवढ्या मोठ्या गाड्यांचं ॲव्हरेज एका दशकात इतकं वाढवायचं कसं? वजन कमी केलं, इंजिनं लहान केली, आणि मग इंजिनिअरना चौथा गिअर आठवला.

फोर्डचा एओडी १९८० ला आला, चौथा गिअर ०.६७. त्यात एक भारी डोकं लावलेलं होतं, आत एक वेगळा बारीक शाफ्ट दिला, चौथ्यात ताकद कन्व्हर्टरला बाजूला ठेवून थेट त्या शाफ्टमधून जायची. जीएमने १९८१ ला २००-४-आर आणि १९८२ ला ७००-आर-४ काढला. त्यांचं कन्व्हर्टर लॉक व्हायचं, म्हणजे आतली प्लेट चिकटली की तेलातली घसर बंद. लॉकअप पण नवीन नव्हतं, पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिकमध्ये १९४९ लाच होतं, पण पेट्रोल स्वस्त होतं तोवर त्याची किंमत कुणाला कळणार.

इकडं आपल्या देशात काय चाललं होतं ते पण बघा, कारण त्याशिवाय इकडच्या मिस्तरींची सवय समजत नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी १९५४ मध्ये इथली असेंब्ली गुंडाळली. प्रीमियर कुर्ल्याला प्लिमथ, डॉज, डिसोटो जोडायची, त्या बहुतेक हँडलवरच्या तीन गिअरच्या. पुढं पेट्रोल परवडेना तसं कितीतरी डॉज-प्लिमथच्या पोटातलं इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं आणि त्याच गाड्या टॅक्सी म्हणून धावल्या. म्हणजे जी गोष्ट अमेरिकेने गिअर वाढवून केली ती आपण इंजिन बदलून केली. मग १९९० च्या दशकाच्या सुरवातीला ॲम्बेसेडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरचा डबा मिळाला, कॉन्टेसात तो आधीच आला होता, आणि लोकांनी तो भंगारातून आणून जुन्या ॲम्बेसेडरमध्ये घालायला सुरवात केली. तीच गत जीपची, काळी-पिवळी चालवून चालवून चार गिअरचा डबा खुळखुळला की त्या जागी पाच गिअरचा. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हच असतो, फक्त तसं कुणी म्हणायचं नाही, रनिंगला गाडी मोकळी होते एवढंच म्हणायचे. त्यामुळं शाफ्ट कापणं, फाउंडेशनची, म्हणजे डबा ज्यावर टेकतो ती, पट्टी नवीन बनवणं, लेथवर बुश उतरवणं हे खान्देशातल्या गॅरेजला शिकवावं लागत नाही. शिकावं लागतं ते ऑटोमॅटिकच्या आतलं.

अमेरिकेत जुन्या गाडीत हे डबे घालायचं वेड भंगारामुळं आलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अपघातातल्या कॅमॅरो, कॅप्रिस आणि पिकअप यार्डात साचायला लागल्या, प्रत्येकीत एक ७००-आर-४, आणि त्याची बेल हाउसिंग (इंजिनला जोडणारं पुढचं तोंड) जुन्या शेवरोलेच्या व्ही-८ ला सरळ बसायची. अजून एक फायदा म्हणजे गिअर बदलायला कॉम्प्युटर लागत नाही, सगळं तेलाच्या प्रेशरवर. १९९३ पासून त्याचाच ४एल६०-ई आला, तो इलेक्ट्रॉनिक, त्याला वेगळा कंट्रोलर लावावा लागतो. म्हणून कार्ब्युरेटरवाल्या गाडीसाठी लोक १९८२ ते १९९२ मधलाच शोधतात, त्यातही सुरवातीची दोन-तीन वर्षं टाळतात कारण त्यांचा इनपुट शाफ्ट २७ दातांचा, नाजूक, पुढचा ३० दातांचा. १९८७ नंतरचा मिळाला तर प्रश्नच नाही. तरी तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा हे त्या डब्याचं दुखणं शेवटपर्यंत राहिलंच.

आणि आता टीव्ही केबल. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. टीएच-३५० ला पण एक केबल असते, ती फक्त किकडाउनची (पाय पूर्ण दाबला की खालचा गिअर टाकायची), तुटली तरी गाडी चालते, त्यामुळं मिस्तरी हिला पण तसंच समजतो. ७००-आर-४ मध्ये ही केबल आतलं प्रेशर ठरवते, पाय जेवढा दाबला तेवढं प्रेशर. कार्ब्युरेटर पूर्ण उघडल्यावर केबल पूर्ण ताणलेली पाहिजे, आणि नुसतं तेवढं जमून भागत नाही, मधल्या प्रत्येक ठिकाणी ओढ बरोबर पाहिजे, ती थ्रॉटलच्या दांड्यावर केबलचं भोक कुठं आहे यावर ठरते. कार्ब्युरेटर बदललं की ते भोक सरकतं. केबल ढिली राहिली तर गिअर लवकर आणि मऊ पडतात, चालवणारा खूष होतो की वा काय स्मूथ आहे, आणि आत प्लेटा घसरत जळत असतात. थोड्याच दिवसात तेल काळं, करपल्याचा वास, चौथा गिअर गायब. अमेरिकेत या डब्याला सुरवातीला जी बदनामी मिळाली त्यात या केबलचा वाटा मोठा, डबा बसवणाऱ्यांनीच तो मारला.

बसवायच्या भानगडी गाडीगणिक वेगळ्या. ७००-आर-४ टीएच-३५० पेक्षा तीनेक इंच लांब आहे, शाफ्ट कापावा लागतो, मागचं फाउंडेशन सरकतं. २००-४-आर ची लांबी मात्र छोट्या टीएच-३५० एवढीच, शाफ्टला हात लावायचं काम नाही, माझ्या मते साध्या रस्त्यावरच्या गाडीला तोच जास्त शहाणपणाचा, ब्युइक ग्रँड नॅशनलसारख्या टर्बो गाडीत तोच होता तेव्हा ताकदीची पण काळजी नको. १९५८ ते ६४ च्या मोठ्या शेवरोलेत, म्हणजे आपल्याकडे जी इम्पाला म्हटली की डोळ्यासमोर येते तिच्यात, चेसिस इंग्रजी एक्ससारखी असते, बाजूला पट्ट्याच नाहीत, शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मधे बेअरिंग, तिथं फाउंडेशन कुठं टेकवायचं हाच पहिला प्रश्न. ज्यांना डब्याला हात लावायचाच नसतो ते मागे जोडायचा गिअर व्हेंडर्सचा ०.७८ चा ओव्हरड्राइव्ह घेतात, त्याचं मूळ लेकॉकमध्येच, म्हणजे १९४८ ची वस्तू फिरून परत आली.

क्राउनच्या बाबतीत अमेरिकन सल्ला आपल्याकडे डोळे झाकून घेऊ नका. ७००-आर-४ चा पहिला गिअर ३.०६ चा, टीएच-३५० चा २.५२ चा. गुणाकार करून बघा, ३.०८ च्या क्राउनवर ७००-आर-४ आणि ३.७३ वर टीएच-३५० उठायला सारखेच, दोन्हीकडे ९.४. हे बघून कुणी म्हणतं की मग क्राउन पण बदलून टाकू, ॲव्हरेज अजून वाढेल. पण ३.०८ वर चौथा टाकून तुम्ही ८० ने चाललात तर इंजिन १३०० च्या जरा वर फिरतं, गाडी गचके देते, लळिंगचा घाट आला की डबा तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत बसतो. ३.७३ तसाच ठेवला तर ८० ला सोळाशे, ते ठीक आहे. तिकडचे लोक तासन्‌तास एका स्पीडने जातात, आपल्याला पारोळा-एरंडोल करत मधे ट्रॅक्टर, बैलगाडी सगळं भेटतं.

उन्हाचं पण सांगतो. ऑटोमॅटिकच्या तेलाबद्दल जुना ठोकताळा असा, की ८० डिग्रीच्या वर तापमान दर ११ डिग्रीने वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४५ असतं, रेडिएटरच्या टाकीतला छोटा कूलर काय पुरणार, पुढं वेगळा कूलर घ्यावाच लागतो. लॉकअपची वायर जोडायचा कंटाळा करतात लोक, सगळं नीट चाललंय की म्हणतात, पण लॉकअप नसेल तर चौथ्यात कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी घसर उष्णता होऊन तेलात जाते. ब्रेकचा स्विच, चौथ्याचा प्रेशर स्विच आणि व्हॅक्यूम स्विच, काम अर्ध्या दिवसाचं.

राहता राहिला कागद. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, ५० वर्षांवरची गाडी, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नंबरात व्हीए. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही, पण मूळ रूप या शब्दांचा अर्थ तपासणारा कसा लावेल ते त्याच्यावर. म्हणून एक्स चेसिस कापून वेल्डिंग करण्यापेक्षा नटबोल्टने बसणारी पट्टी बनवून घ्या, आणि काढलेला पॉवरग्लाइड तेल भरून, तोंडं बुचाने बंद करून, शाफ्ट आणि मूळ फाउंडेशनसकट गोदामात ठेवा. कुर्ल्याच्या भंगारवाल्याला तो किलोवर देऊ नका, नंतर पाहिजे झाला तर तसाच परत मिळायचा नाही.