सोलापूरचं ऊन, उजनीचं पाणी आणि वीज

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ च्या पुढे गेला की सौर पॅनेलवाल्यांची चांदी, असा समज सर्रास आढळतो. खरं तर पॅनेल चालतं ते प्रकाशावर, उष्णता त्याला बाधतेच. त्याची क्षमता मोजताना आतल्या सेलचं तापमान २५ अंश धरतात. त्यापुढे दर अंशाला वीज साधारण ०.३५ टक्क्यानं घटते. भर दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, की सातवा हिस्सा वीज तिथंच गेली. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळता हवा.

तरीही सौर वीज आपल्याला मोलाची आहे, आणि त्याचं मोठं कारण माझ्या मते पाणी. फताटेवाडीजवळ एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि मग तीच वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं, असं हे चक्र. या थंड करण्यातच कूलिंग टॉवरमधून पाणी हवेत उडून जातं. अशा केंद्रांना युनिटमागे सुमारे तीन लिटर पाणी लागतं. इथं ते येतं उजनी धरणातून. त्याच उजनीवर ऊस उभा आहे आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणारं शहरही.

तीन किलोवॉटचं घरगुती सोलर दिवसाला सरासरी १२ युनिट देतं. तेवढ्यासाठी केंद्रात आठेक किलो कोळसा जळतो आणि ३५ लिटर पाणी खर्ची पडतं. पॅनेल पुसायलाही पाणी लागतं, पण थोडं. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत धूळ फार बसते. तेव्हा सकाळी पॅनेल गार असताना ओलं फडकं फिरवावं. बोअरचं क्षाराचं पाणी मात्र नको, वाळल्यावर काचेवर पांढरे डाग धरतात.

कोळशाची बाजूही भक्कम आहे. रात्रपाळीचे यंत्रमाग सूर्यावर चालत नाहीत, आणि विजेची मागणी चढते नेमकी दिवेलागणीला. मोठ्या बॅटऱ्या आवाक्यात येईपर्यंत औष्णिक केंद्रं लागणारच.

केंद्र सरकारच्या योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती सोलरला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पण नेहमीचं बिनबॅटरीचं सोलर वीज गेली की आपणहून बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला छतावरून आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ही सोय असते. लोडशेडिंगमध्येही पंखा फिरायला हवा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची लाइन तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी घ्यावी लागते. तो खर्च ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्या.